पडताना वजन नसतं

त्या मुलीचे दोन मार्क मी कापले तेव्हा माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. लाल पेनाने उत्तरावर आडवी रेघ मारली, समासात शून्य लिहिलं आणि पुढचा पेपर ओढला.

लातूरच्या एका मराठी शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. सहामाहीचे पेपर होते. प्रश्न साधा, दोन मार्कांचा: पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहातल्या वस्तू वजनरहित का वाटतात? माझ्या वहीत याचं उत्तर एका ओळीचं होतं. 'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून.' ही ओळ मी स्वतः नांदेडजवळच्या लोहा गावात शाळेत असताना पाठ केली होती. पुढे नांदेडला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, तेव्हाही ती कुणी खोडली नाही. मी शिकवायला लागले आणि तीच ओळ फळ्यावर लिहू लागले.

मधल्या काळात पुस्तक बदललं, माझी वही बदलली नाही. पुस्तकातला धडा मुलांकडून भरभर वाचून घ्यायचा आणि मग म्हणायचं, "हं, आता लिहून घ्या." लिहून घ्यायचं ते माझ्या वहीतलं. कॉलेजात उपग्रहाची गती काढायची गणितं मी पानंच्या पानं सोडवली होती. त्या गणितांत पृथ्वीचं ओढणं हीच मुख्य गोष्ट होती. तरी ती गणितं आणि ही ओळ एकमेकांशेजारी ठेवून बघावीत असं मला कधी सुचलं नाही.

त्या मुलीनं लिहिलं होतं: 'उपग्रहावर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण असते. नसते तर उपग्रह फिरला नसता, सरळ निघून गेला असता. चंद्र पण गेला असता. उपग्रह आणि आतल्या वस्तू सोबतच पडत असतात, म्हणून वजन कळत नाही.'

'सोबतच पडत असतात' हे वाचून मला हसू आलं होतं. पडत असतील तर आपल्या डोक्यावर येऊन आदळायला नकोत का?

ती रेणापूरजवळच्या एका खेड्यातून रोज बसने यायची. घरची शेती होती. वर्गात तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसायची. फार बोलायची नाही, पण हात वर करायची, आणि हात वर केला की प्रश्न नेमका असायचा. पेपर वाटले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, येऊ का?"

"ये. काय झालं?"

"इथं दोन मार्क गेलेत."

"उत्तर चुकलंय तुझं. मी काय लिहून दिलं होतं?"

"ते मी वाचलं मॅडम. पण मग चंद्र कसा काय फिरतो? त्याला तर पृथ्वीच ओढती ना?"

माझ्या समोर डबा उघडा होता. शेजारी गणिताचे सर होते, हिंदीच्या मॅडम होत्या. सगळे ऐकत होते. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही हेही मला त्या वेळी नीट कळलं नाही. मला फक्त राग आला.

"तू मला शिकवून राहिलीस का आता?" मी म्हणाले.

गणिताचे सर हसले. हिंदीच्या मॅडमही हसल्या. मुलीनं पेपरची घडी घातली.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर सुट्टी लागेपर्यंत तिने हात वर केला नाही. मला ते लक्षात आलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला भावाकडे गेले. आमचे बाबा त्याच्याकडेच राहतात. बाबांचं सगळं आयुष्य लोह्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलं. आधी ते हमाल होते, धान्याची पोती पाठीवरून वाहायचे. मी तीन वर्षांची असताना त्यांचा डावा पाय मांडीत मोडला. त्यानंतर ओझं उचलणं बंद झालं आणि ते काट्यावर मापाडी म्हणून बसायला लागले. आमच्या वस्तीत बी.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी. निकाल लागला तेव्हा विहारात माझा सत्कार झाला होता आणि बाबा शेवटच्या रांगेत, पाय लांब करून, भिंतीला टेकून बसले होते. तेव्हापासून विज्ञानातलं काहीही असो, मी सांगितलं की त्यांच्यासाठी तो विषय संपायचा. टीव्हीवर कुणी काही वेगळं सांगितलं तर म्हणायचे, "थांबा, बाईला इचारू." मला ते बाईच म्हणतात.

एका दुपारी भाऊ आणि वहिनी बाजारात गेले होते. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, मी खाली जमिनीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. बोलायला काही तरी हवं म्हणून मी त्या मुलीचा किस्सा सांगितला. गंमत म्हणूनच. आजकालची पोरं कशी मास्तरांनाच शिकवतात, असा माझा सूर होता.

बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "काय लिवली होती म्हणली ती? परत सांग बरं."

"की उपग्रह आणि आतल्या वस्तू सोबत पडतात, म्हणून वजन कळत नाही."

खाली रस्त्यावर एक ऑटो वळत होता, बाबा तिकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, मला ते वरचं काई कळत न्हाई. पण ती पोरगी म्हणती ते खरं असंल."

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या विज्ञानाच्या विरुद्ध बोलत होते. मी शेंगा बाजूला ठेवल्या.

"का म्हणता असं?"

"माझा पाय मोडला ना, तवाचं सांगतो. तुला कधी सांगितलं न्हाई. तुझ्या आईला सांगितलं होतं, तिनं हसण्यावारी नेलं."

त्यांनी सांगितलं ते असं. ट्रक जवळजवळ भरला होता. पोत्यांची थप्पी ट्रकच्या कडेच्या वर गेली होती आणि वर चढायला एक लांब फळी लावली होती. बाबांच्या पाठीवर ज्वारीचं भरलेलं पोतं होतं, क्विंटलचं. ते फळीच्या वरच्या टोकाला पोचले आणि फळी सरकली.

"फळी गेली, मी गेलो, पोतंबी गेलं. पोतं पाठीवरच होतं बाई, मी सोडलं नव्हतं. दोन्ही हातानं त्याचे कान धरलेले होते. पण त्याला वजनच नव्हतं. पिंजलेल्या कापसावानी झालं होतं. इतकी वर्षं पोती वाहिली, पाठीला ओझं कळत न्हाई असं कधी झालं न्हाई. अन् त्या टायमाला काईच न्हाई. मग खाली आदळलो, पोतं आंगावर आलं, अन् सगळं वजन एकदम परत आलं."

"किती वेळ?"

"डोळ्याचं पातं लवतं तेवढा. पण मला चांगलं ध्यानात हाय. दवाखान्यात डॉक्टरला सांगितलं तर ते म्हणले, भीतीनं तसं वाटतं. तुझी आई म्हणली, चक्कर आली असंल. मंग मीबी सोडून दिलं. म्हणलं, कोण खरं मानतंय."

मी शेंगांच्या टोपलीकडे बघत बसले. माझ्या डोक्यात कॉलेजातली ती गणितं आता एकेक करून परत येत होती. पोतं आणि पाठ दोन्ही एकाच वेगाने खाली चाललेली. पोत्याला पाठीवर दाबायला जागाच नाही, कारण पाठही त्याच्याबरोबरच खाली निघून चाललीय. पृथ्वी तर दोघांनाही ओढतेच आहे. ओढत नसती तर पडलेच नसते. मग पाठीला जे ओझं कळत होतं, ते ओढण्यामुळे कळत होतं की उभं राहून त्या ओढण्याला अडवल्यामुळे?

मी उठून पिशवीतून दहावीचं पुस्तक काढलं. सुट्टीत पुढचे धडे बघावे म्हणून ते बरोबर आणलं होतं. धडा उघडला. तिथे सगळं लिहिलेलं होतं. यान उंचावर असलं तरी तिथे गुरुत्वाकर्षण शून्य होत नाही, यान आणि आतली माणसं मुक्त पतनात असतात, म्हणून वजन जाणवत नाही. काळ्या शाईत, सरळ मराठीत, वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर पडलेल्या पुस्तकात. मुलं तो परिच्छेद माझ्यासमोर मोठ्याने वाचत होती आणि मी त्या वेळात हजेरी भरत होते.

"काय लिवलंय?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही म्हणता तेच लिहिलंय," मी म्हणाले. "ती मुलगी बरोबर आहे. मीच चूक सांगत होते."

बाबांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते काही तरी बोलतील, माझी समजूत घालतील. ते म्हणाले, "तुला दाखवता येईल का मला? पडताना वजन जातंय ते?"

मी जरा विचार केला. मग घरातली पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली, सुई तापवून बाटलीच्या बुडाजवळ बाजूला एक भोक पाडलं, बोटाने ते दाबून बाटली भरली. झाकण लावलं नाही. बाबांना हाताला धरून खाली अंगणात नेलं, भिंतीपासून लांब खुर्चीवर बसवलं. मी वर गच्चीवर गेले.

"बघा हं. आता बोट काढते."

पाण्याची बारीक धार बाहेर उडाली, तिने कमान धरली आणि खाली फरशीवर पडायला लागली. बाबा तिच्याकडे बघत होते. मी बाटली सोडून दिली. ती खाली आदळून फुटली, पाणी सगळीकडे उडालं.

"दिसलं का?"

"न्हाई. लई पटकन गेली. आणखी एकदा कर."

दुसऱ्या बाटलीच्या वेळी ते पुढे वाकून बसले होते. मी बाटली सोडली, ती आदळली, आणि बाबा खालून म्हणाले, "थांबली. धार थांबली होती."

मी खाली आले तेव्हा ते फुटलेल्या बाटलीकडेच बघत होते. बाटलीतलं पाणी बाटलीवर दाब देत नव्हतं म्हणून भोकातून बाहेर आलं नाही, पाणी आणि बाटली बरोबरच पडत होती, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे मी काई खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही बाबा."

"तुझी आई पाहिजे होती."

आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

सुट्टी संपली. लातूरला परत येताना बसमध्ये मी वर्गात काय बोलायचं ते ठरवत होते. एक सोपा मार्ग होता. काहीच बोलायचं नाही, पुढच्या वर्षापासून बरोबर सांगायचं, कुणाला कळणार नव्हतं. मुलगी तर गप्पच झाली होती. अहमदपूर येईपर्यंत हा मार्ग मला बराच पटलाही होता. पण बाबांना मी 'मीच चूक सांगत होते' असं म्हणून बसले होते, आणि ते फोनवर विचारणार हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलंच. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला. "त्या पोरीचे मार्क दिले का?"

पहिल्याच तासाला मी फळ्यावर तो प्रश्न लिहिला आणि त्याखाली माझी ओळ लिहिली. म्हणाले, "ही ओळ चूक आहे. मी तुम्हाला चूक शिकवलं. तुमच्यातल्या एकीनं बरोबर लिहिलं होतं, तिचे मी मार्क कापले आणि तिला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलले. ते माझं चुकलं."

सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. ती वहीत बघत होती. मग मागून एका मुलानं विचारलं, "मॅडम, आमचे कटणार का मग? आम्ही तर तेच लिवलंय."

"नाही. तुम्ही मी सांगितलं ते लिहिलंत. तुमचे राहतील. तिचे दोन वाढतील."

त्याचं समाधान झालं. दुसऱ्या एकीनं विचारलं, "पण मॅडम, पडतेत तर खाली का येत न्हाईत?"

हा तोच प्रश्न होता जो पेपर तपासताना मला हसू आणून गेला होता. मी फळ्यावर एक मोठा गोल काढला, त्यावर एक टेकडी. टेकडीवरून दगड आडवा फेकला की तो पुढे जात जात पडतो. जोरात फेकला की आणखी लांब पडतो. जमीन सपाट नाही, गोल आहे, म्हणजे जितकं पुढे जावं तितकी ती खाली वळत जाते. आता दगड इतक्या जोरात फेकला की तो जेवढा पडतो तेवढीच जमीनही खाली वळते. तो पडतच राहील, पण टेकणार कुठे?

मुलं गोलाकडे बघत होती. काहींना पटलं, काहींना नाही. मी त्यांना मैदानावर नेलं आणि दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यातून भोक पाडलेली बाटली सोडून दाखवली. धार थांबली तेव्हा मुलांनी ओरडून परत करायला लावलं. चार बाटल्या फुटल्या. पाचवी मी खाली मैदानातल्या नळावर भरत होते तेव्हा ती मुलगी माझ्या बाजूला येऊन उभी होती.

"मॅडम, फेकली तर?"

"म्हणजे?"

"खाली न सोडता आडवी फेकायची. एकीनं फेकायची, एकीनं झेलायची. उपग्रह तर आडवाच जातो ना. मधी पाणी गळतंय का बघायचं."

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी तिच्या हातात बाटली दिली. तिनं मैत्रिणीला वीस पावलांवर उभं केलं. बोट काढलं तशी धार तिच्या युनिफॉर्मवर उडाली. तिनं बाटली दोन्ही हातांनी कमानीत भिरकावली. बाटली वर गेली, वळली, खाली आली, मैत्रिणीनं ती छातीशी झेलली, आणि झेलल्याबरोबर धार परत सुरू झाली. मधल्या कोरड्या मातीवर आम्ही सगळ्यांनी जाऊन बघितलं. बाटलीच्या उघड्या तोंडातून उडालेले दोन-चार थेंब होते, धारेची ओळ नव्हती.

"वर जातानाबी गळली न्हाई," ती म्हणाली. माझ्याशी नाही, मैत्रिणीशी.

परत येताना मी तिला विचारलं, हे उत्तर तिला सुचलं कसं. पुस्तकात होतंच, ती म्हणाली. पण पुस्तकात वाचून पटलं नव्हतं, बसमध्ये पटलं. त्यांच्या गावाच्या रस्त्यावर एक उंच पूल आहे. ड्रायव्हर गाडी जोरात काढतो, पुलावरून उतरताना मागच्या सीटवरची सगळी माणसं थोडी उचलल्यासारखी होतात. "मांडीवर दप्तर असतंय. त्या टायमाला ते हलकं होतंय. रोजच होतंय. मग वाटलं, हेच लई वेळ झालं तर?"

मी तिला म्हणाले, माझ्यावर राग धरू नकोस. ती "न्हाई मॅडम" म्हणाली, अगदी स्टाफरूममध्ये म्हणाली होती तसंच, आणि त्यावरून मला काहीच कळलं नाही. माझ्या तासाला तिचा हात परत वर यायला जानेवारी उजाडला. मी वाट बघत होते हे तिला कळू नये म्हणून त्या दिवशी मी तिला लगेच विचारलं नाही, आधी दुसऱ्या दोघांना विचारलं.

दहावी झाल्यावर ती गेली. आता नांदेडला बी.एस्सी. करते, भौतिकशास्त्र घेऊन. बाबांच्या पोत्याचं मी तिला सांगितलं होतं, म्हणून एकदा भावाच्या घरी जाऊन बाबांना भेटून आली. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीच मला नीट सांगितलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "पोरगी चांगली हाय. ऐकून घेती."

त्या वर्षानंतर मी वहीतली ती ओळ खोडली, पण आधीच्या सगळ्या वर्षांची मुलं ती घेऊन गेली आहेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. लातुरात ती कुठेही भेटतात, बँकेत, दवाखान्यात, भाजी घेताना. मागच्या महिन्यात मोबाइलची काच बदलायला गेले तर दुकानात माझा एक जुना विद्यार्थी निघाला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. काच बसवून होईपर्यंत मी त्याला सांगून टाकलं की उपग्रहाबद्दल मी तुमच्या वर्गाला चुकीचं शिकवलं होतं. बाटलीचंही सांगितलं.

तो हातातलं काम थांबवून ऐकत होता. "म्हणजे आम्ही लिवलेलं चूक होतं?"

"हो."

"पण मार्क दिले होते तुम्ही."

"दिले होते."

त्याने काच पुसली, उजेडात धरून बघितली आणि फोन माझ्यापुढे ठेवला. मग काउंटरवर कोपर टेकून, काही तरी जुळवत असल्यासारखा, त्याने विचारलं, "म्हणजे मॅडम, ते वर यानातले लोक आत्ताबी, आपण इथं बोलून राहिलो ह्या टायमाला, पडतच हायेत?"

"हो. आत्तासुद्धा."

"अन् त्यांना काई वाटत न्हाई?"

मी त्याला सांगितलं की सुरुवातीला पोटात कालवतं म्हणतात, मग सवय होते. तेवढ्यात दारात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो उठला.